चालते सार, गोठलेलं सार

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी एका फ्रीजरपुढे अदबीने उभी होते. काखेत साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा, अंगावर लग्नातली रेशमी साडी, आणि समोर माझ्याहून उंच, पांढरं, पोटातून गुरगुरणारं कपाट. दोष माझा नव्हता. नवऱ्याच्या बँकेने त्याची चेन्नईला बदली केली, मी मागोमाग आले, आणि बायोकेमिस्ट्रीच्या पदवीला गंज चढू नये म्हणून ही नोकरी शोधली. इकडे साहेबाला 'सार' म्हणतात, एवढं तमिळ नवऱ्याने पढवून पाठवलं होतं. गेटवरच्या वॉचमनला मी रुबाबात विचारलं, "सार?" त्याने आतल्या खोलीकडे बोट केलं. "सार उळ्ळे इरुक्कु." सार आत आहे. आत गेले तर हे कपाट, आणि त्याच्या दारावर जाड पेनाने, चक्क देवनागरीत, लिहिलेलं: सार.

पाटी आहे म्हणजे साहेब पलीकडे बसत असणार. मी दारावर टकटक केलं.

"त्यास पेढा चालत नाही, मा," मागून आवाज आला. "मजला चालतो."

वळून पाहते तो साठीचा एक काटकुळा माणूस. डोक्यावर न्हाणीघरात घालतात ती प्लास्टिकची टोपी, टोपीखालून मानेवर ओघळणारं पाणी, पाय अनवाणी, आणि दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर असे धरलेले, की जणू कुणीतरी पिस्तूल रोखलंय. मी एक पेढा पुढे केला. त्यांनी हात खाली न घेता तोंड उघडलं. काय करणार, भरवला. नव्या साहेबाची आणि माझी ओळख ही अशी झाली.

"इरुक्कार म्हणजे माणूस आहे, इरुक्कु म्हणजे वस्तू आहे," पेढा संपवून ते म्हणाले. "दुपारी एक जण फ्रीजरातलं सार न्यावयास येणार होता. वॉचमनास तूच तो वाटलीस. त्याचं व्याकरण शुद्ध आहे. तुझं सुधारलं पाहिजे."

ते तंजावरकडचे मराठी. पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी इकडे येताना जी मराठी बरोबर आणली, ती त्या घरांनी बरणीतल्या लोणच्यासारखी राखली आणि वरून तमिळची फोडणी घातली. मजला, तुजला, त्यास, आणि वाक्याच्या शेवटी बाईमाणसाला लावायचं तमिळ 'मा'. त्यांनी नुसतं "चहा आणवावा काय?" विचारलं तरी मला वाटायचं, कुठल्या तरी गडावर निरोप चाललाय. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "तुमची मराठी फार घाईची, मा. बस पकडावयास निघाल्यासारखी."

तर सार. अख्खा गोंधळ ह्या एका शब्दाचा. तमिळमध्ये सार म्हणजे साहेब. मराठीत सार म्हणजे चिंचेचं, आमसुलाचं, भातावर घ्यायचं. आमच्या साहेबांच्या घरी रसमला सारच म्हणत. आणि आमच्या प्रयोगशाळेत सार म्हणजे जिवाणू फोडून, गाळून, त्यांच्या पोटातून काढलेलं पिवळसर पाणी. जगभर त्याला एक्स्ट्रॅक्ट म्हणतात, पण साहेबांनी त्याला सार म्हटलं. तमिळमध्ये 'सारु' म्हणजे रसच, त्यामुळे मंडळींना ते पटकन रुचलं. आमची तंत्रज्ञ सेल्वी हिने त्यातून वाट काढली होती. ती म्हणे, आपल्याकडे एक चालतं सार आहे आणि एक गोठलेलं सार आहे. नुंगंबाक्कमच्या घरी साहेबांची थोरली बहीण होती, अक्का. ती कपाळाला हात लावायची. "हा सार जेवतो, सार करतो, लोकही ह्यास सारच म्हणतात. लग्न राहून गेलं ह्यात नवल कसलं?"

मीही नुंगंबाक्कमलाच राहायचे, त्यामुळे कंपनीच्या व्हॅनमध्ये आम्ही शेजारी बसत असू. आमची प्रयोगशाळा शहराबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका शेडमध्ये. तिथवर लांबचा प्रवास, आणि तेवढा वेळ व्याख्यान.

"पेशी म्हणजे काय, मा? एकत्र कुटुंब. तुला एक पदार्थ करून पाहिजे. एकच. पण त्यासाठी अख्खं कुटुंब पोसावं लागतं. त्यांस जेवण, त्यांस हवा, त्यांची पोरंबाळं, त्यांचे रुसवे. औषधाचं प्रोटीन म्हणून महाग. मजला कुटुंब नको. मजला त्यांची फक्त चूल पाहिजे."

म्हणजे असं. जिवाणू वाढवायचे, फोडायचे, भिंती आणि केरकचरा काढून टाकायचा. उरलेल्या पाण्यात चूल शाबूत असते. प्रोटीन रचणारी सगळी यंत्रं असतात, फक्त जीव नसतो. त्यात पाककृती म्हणून डीएनए घालायचा, कच्चा माल घालायचा, आणि नळीत प्रोटीन तयार. वाळवून पूड केली तर बर्फाशिवाय गावोगाव नेता येईल, तिथे पाणी घातलं की काम सुरू. जगात हे होतं. पण चूल पेटवायला जे इंधन लागतं ते परदेशी, आणि त्याची किंमत ऐकून सोनाराला घाम फुटावा. तयार संच मागवावा तर तो बर्फातून येणार, नेमका पोंगलच्या सुट्टीत विमानतळावर अडकणार, आणि आपल्या हाती कोमट पाणी पडणार. असे दोन-तीन संच वाया गेल्यावर सारांनी कस्टमच्या काउंटरवर उभं राहून भाषण केलं होतं. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने घाबरून विचारलं, "सार, आत कुणाचं पार्थिव होतं का?"

तेव्हापासून त्यांनी मनात घेतलं, की इंधन भाताचं. भाताच्या पेजेतला स्टार्च मोडून त्यावर चूल चालवायची. "इडली ज्या भावाने मिळते त्या भावाने प्रोटीन मिळालं पाहिजे." हे ते प्रार्थनेसारखं म्हणत.

प्रार्थना म्हटलं, पण देवाशी त्यांचं वाकडं होतं. आई कडक सोवळ्याची. मडी म्हणत ते लोक सोवळ्याला. ओल्या लुगड्यात स्वयंपाक, मधे कुणाचा हात लागला की सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. त्या घरातून हे पळाले ते रसायनशास्त्रात घुसले आणि सांगायचे, "मी मडीतून सुटलो." सुटले कुठले! आपल्या हातांवर, घामात, एक असं द्रव्य असतं की त्याचा कण जरी नळीत पडला तरी चुलीने उतरवून घेतलेली पाककृतीची नक्कल जागच्या जागी फाटते आणि चुलीला काय शिजवायचं ते कळेनासं होतं. झालं. ह्यांनी प्रयोगशाळेत सोवळं मांडलं. कामाआधी आंघोळ. शेडच्या मागे त्यासाठी न्हाणीघर बांधून घेतलेलं. मग टोपी, मग हातमोजे, मग ते खांद्याइतके वर धरलेले हात. वाटेत कुणी यायचं नाही. पहिल्या आठवड्यात माझा पदर त्यांच्या कोपराला लागला. ते जागीच थिजले.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"लागलं," ते म्हणाले, आणि परत आंघोळीला गेले.

न्हाणीघराच्या दाराबाहेरून मी ओरडून विचारलं, "सार, हे विज्ञान की मडी?" आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग, "सेरी, सेरी, बरं, पदर खोचून ये."

आता ही शेड कुणाची? एका रबरवाल्याची. मोटारींना लागणारे रबराचे तुकडे करायचा मोठा कारखाना, त्याच्या मागच्या अंगाला आमची शेड. मालकाला सगळे मुदलाळी म्हणत. सार पूर्वी कॉलेजात शिकवत होते, तेव्हा त्यांनी ह्या मुदलाळींना रसायनशास्त्रात नापास केलं होतं. त्यावर मुदलाळींची भक्ती. "माझ्या वडिलांचं नाव ऐकूनही मला नापास करणारा हा एकच माणूस," ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. म्हणून शेड दिली, फ्रीजर दिला, आम्हाला पगार दिला, आणि पुष्कळ दिवस काही विचारलं नाही.

मग एका उन्हाळ्यात ते झालं.

त्या दिवशी सगळंच बिनसलेलं. पाण्याची टंचाई, कारखान्यात टँकरचं पाणी, आमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र गळत होतं. सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली. सेल्वीने डब्यात लेमन राइस आणला होता, त्याचा वास खोलीभर. मी मोहरी रंगाची साडी नेसले होते, तिची निरी फाटली. कुणाचा तरी हात लागून कारखान्याचा भोंगा भलत्याच वेळी वाजला. सार चिडचिड करत होते, पाण्याअभावी आंघोळ राहिली होती, हात खाली आले होते, सोवळं मोडलं होतं. आणि दुपारी सेल्वीने पेजेवरच्या नळीवर निळा दिवा धरला आणि ती किंचाळली.

नळी हिरवी होती. असं हिरवं, की कोवळ्या केळीच्या पानामागून ऊन येतं ना, तसं. निळ्या प्रकाशात हिरवं चमकणारं एक प्रोटीन असतं, सगळे आधी त्यावरच चाचणी घेतात. ते झालं होतं. भाताच्या पेजेवर!

सारांनी टोपी काढली, ती नीट घडी करून खिशात ठेवली, आणि अनवाणीच कारखान्यातून पळत सुटले. यंत्रांच्या मधून, कामगारांच्या मधून, मुदलाळींच्या केबिनपर्यंत. मुदलाळी आले. अंधार करून त्यांनी नळी पाहिली, बराच वेळ पाहिली. मग त्यांनी सारांच्या पायांना हात लावला आणि उठून धंद्याचं बोलले.

"सार, एकदा झालं ते दैवाचं. दोनदा झालं तर माल. माझं रबर प्रत्येक वेळी तोच आकार घेतं, म्हणून गाडीवाले माझ्या दारात येतात. तुम्ही नवं सार काढून पुन्हा एकदा हे करून दाखवा. पुढच्या पोंगलच्या आत. मग शेड तुमची, मी हयात आहे तोवर. नाही झालं, तर मला गोदामाला जागा हवीच आहे."

"दोनदा कशास?" सार म्हणाले. "दहादा करतो."

इथून पुढची गोष्ट मी लोकांना हसून सांगते. सांगण्याची दुसरी रीत मला सापडलेली नाही.

दुसऱ्यांदा झालं नाही. तिसऱ्यांदा नाही. नवे जिवाणू वाढवले, नवं सार काढलं, तीच पेज, तीच मिठं, नळी आपली फिकट पिवळी. पहिल्यासारखं होईना, आणि पहिल्यात काय वेगळं होतं ते कळेना. हा ह्या विद्येचा जुनाच रोग आहे. एका खेपेचं सार कामाचं निघतं, दुसऱ्या खेपेचं मुकं. इतरांना तो निदान चांगल्या इंधनावर जडतो. आम्हाला पेजेवर जडला.

सारांनी आधी शहाण्यासारखे प्रयत्न केले. मिठं कमी, मिठं जास्त, ऊब कमी, ऊब जास्त. मग त्यांचा संशय पाण्यावर गेला. त्या दिवशी यंत्र गळत होतं, म्हणजे टँकरचं जड पाणी नळीपर्यंत पोचलं असणार. त्या पाण्यात काय होतं? टँकरच्या ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "सार, त्या उन्हाळ्यात जिथे पाणी दिसलं तिथे पाइप टाकला. विहीर, खाण, शेत. कुठलं म्हणून सांगू?" तरी सार त्याच्या शेजारी बसून गावं फिरले. बाटल्या भरून आणल्या. प्रत्येक बाटलीचं पाणी वापरून पाहिलं. एकाही पाण्याने नळी हिरवी झाली नाही. काही विहिरी तर तोवर बुजवल्या होत्या, वर प्लॉट पडले होते.

आणि मग तो दिवस आला, ज्याला सेल्वी अजून 'नाटकाचा दिवस' म्हणते.

सार सकाळी व्हॅनमध्ये चढले आणि माझ्या साडीकडे पाहून म्हणाले, "ही नव्हे. मोहरी रंगाची."

"सार?"

"आणि निरी फाटलेली पाहिजे."

मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. मला घरी परत पाठवलं. सेल्वीला फोन करून लेमन राइस करायला लावला. शेडमध्ये पोचल्यावर त्यांनी मेन स्विच स्वतः बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. आंघोळ केली नाही. हात मुद्दाम खाली धरले. सेल्वीला म्हणाले, "त्या दिवशी मी तुजवर ओरडलो होतो. काय म्हणून ओरडलो होतो?"

"आठवत नाही, सार."

"मग दुसरी काही चूक कर. ओरडलं पाहिजे."

सेल्वीने इमानदारीने एक नळी खाली पाडली. ते ओरडले. पण त्यांच्या ओरडण्यात जीव नव्हता, आणि ती हसली. "हसू नकोस! त्या दिवशी हसली नव्हतीस!"

मग भोंगा. त्यांनी वॉचमनला पटवून भोंगा वाजवला. कारखान्यातले सगळे कामगार यंत्रं बंद करून जेवायला गेले. नंतर खरा भोंगा झाला, पुन्हा गेले. मुदलाळी धावत आले, दारात उभे राहिले. मी फाटक्या साडीत, सेल्वी लिंबाचा वास येणाऱ्या हातांनी, सार हात खाली सोडून.

"सार, तुमच्या प्रोटीनसाठी माझी माणसं दोनदा जेवली," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार हळू बोलले, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं.

नळी पिवळीच राहिली. सार न्हाणीघराच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

"आईस मी हसत असे," ते म्हणाले. "खीर नासली की ती म्हणायची, कुणाची तरी सावली पडली. मी म्हणायचो, दूध शिळं होतं. तिला निदान सावली ठाऊक होती, मा. मजला काहीच ठाऊक नाही."

आता त्या उन्हाळ्यातल्या खेपेचं सार फ्रीजरात अजून शिल्लक होतं. काही चिमुकल्या नळ्या, तळाच्या खणात. ते अजून कामाचं असणार, ह्याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. आणि इथेच खरा पेच होता. त्यात काय वेगळं आहे हे शोधायचं तर ते वापरावं लागणार. वापरलं की संपणार. ठेवून दिलं तर कळणार कधीच नाही. सार रोज फ्रीजर उघडत, तळाच्या खणाकडे बघत, आणि बंद करत. धुकं बाहेर यायचं, त्यांच्या चष्म्यावर बसायचं. पुसायचे, कामाला लागायचे.

सेल्वीच्या आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बोलायचं कुणी? शेवटी मीच बोलले. "सार, पोंगल जवळ आला. तळाच्या खणातलं एक वापरू या. मुदलाळींना हिरवं दिसेल. त्यांना कुठे कळतंय कुठल्या खेपेचं?"

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, की जणू माझा पदर पुन्हा त्यांना लागला असावा.

"ते पहिलंच सार आहे. पहिलं दोनदा दाखवलं म्हणून दुसरं होत नाही."

"पण शेड तर राहील!"

"शेड राहील," ते म्हणाले. "त्यात मी काय करू?"

मार्गशीर्षात वादळ आलं. दोन दिवस पाऊस, रस्ते बंद, व्हॅन नाही, फोन अधूनमधून. तिसऱ्या सकाळी मी चहा गाळत होते आणि वॉचमनचा फोन आला. आवाज तुटत होता, तो रडत होता. "मॅडम, सार पोच्चु. सार पोच्चु, मॅडम."

पोच्चु म्हणजे गेलं. संपलं.

माझ्या हातातलं गाळणं खाली पडलं. गुडघाभर पाण्यातून, नवऱ्याची छत्री उलटी होऊन, मी सारांच्या घरापर्यंत कशी गेले ते माझं मलाच ठाऊक. अक्कांनी दार उघडलं. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि मोठ्याने रडू लागले. अक्काही रडू लागल्या. का रडायचं ते ठाऊक नसलं तरी शेजारधर्म म्हणून रडायला लागलेली बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"कोण गेलं गं?" रडता रडता त्यांनी विचारलं.

"सार गेले, अक्का!"

"मी?" आतून आवाज आला. सार टॉवेल गुंडाळून, दाढीचा अर्धा साबण तोंडावर, दारात उभे.

मी किंचाळले. मग हसले. अक्का तर पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. सार मात्र हसले नाहीत.

"वॉचमन नेमकं काय म्हणाला?"

"म्हणाला, सार..."

"पुढचं. पोयिट्टार म्हणाला, की पोच्चु म्हणाला?"

माझं हसू तिथेच थांबलं. माणूस गेला तर पोयिट्टार. वस्तू गेली तर पोच्चु.

"पोच्चु," मी म्हणाले.

ते खुर्चीवर बसले. गालावरचा साबण वाळत चालला. "त्याचं व्याकरण शुद्ध आहे," ते म्हणाले.

कारखान्याच्या जनरेटरमध्ये पाणी शिरलं होतं. फ्रीजर दोन दिवस बंद. तळाच्या खणातल्या नळ्या खोलीइतक्याच उबदार झाल्या होत्या. अक्कांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू जिवंत आहेस ना रे? मग रडतोस कशास?" मला वाटतं, ते त्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्यावरच अडले होते.

तरीही त्यांनी शेवटची खेप काढली. ह्या खेपेला ना नाटक, ना भोंगा. आंघोळ, टोपी, वर धरलेले हात, सगळं शांतपणे, पुस्तकात आहे तसं. मुदलाळींना दिवस सांगितला. ते ठरल्या दुपारी आले, बूट दाराबाहेर काढून आले. खिडक्यांवर काळे कागद लावले होते. सेल्वीने निळा दिवा लावला आणि सारांनी नळी त्यावर धरली.

मी डोळे बारीक केले, मोठे केले. डोळ्यांना जे हवं असतं ते त्यांना थोडंथोडं दिसायला लागतं.

"पच्चै," मुदलाळी म्हणाले. हिरवं. "आहे, सार. पहिल्याइतकं नाही. पण आहे."

"आमा, होय सार," सेल्वी घाईने म्हणाली. "आहे. थोडं आहे."

"आहे," मी म्हणाले.

सारांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मुदलाळी एक पाऊल पुढे आले. रबर विकून मोठा झालेला माणूस तो, पण त्याचा आवाज शाळकरी झाला होता. "तुम्ही पण म्हणा, सार. एकदा 'आहे' म्हणा. बाकीचं मी बघतो. गोदाम मी दुसरीकडे बांधतो."

सारांचं तोंड उघडलं. मी शपथेवर सांगते, ते 'आहे' म्हणणार होते. ओठ तसे झाले होते. मग त्यांनी तोंड मिटलं, आणि स्टँडवरून शेजारची नळी उचलली.

"ह्यात मी पाककृती घातलेलीच नाही," ते मुदलाळींना म्हणाले, वर्गात समजावतात तशा आवाजात. "नुसतं सार आणि पेज. ही काही करूच शकत नाही. प्रत्येक वेळी अशी एक मुकी नळी शेजारी ठेवावी लागते. आता ही बघा, मग ती बघा."

मुदलाळींनी दोन्ही नळ्या घेतल्या, दिव्यावर धरल्या, जागा बदलून धरल्या. मग त्या सेल्वीला दिल्या. सेल्वीने पाहिल्या, मला दिल्या. हातांना घाम होता. मी पाहिल्या आणि परत सारांना दिल्या.

"सारख्याच दिसतात," मुदलाळी म्हणाले, फार नाइलाजाने.

"बरोबर," सार म्हणाले. "ह्यास 'नाही' म्हणतात."

मुदलाळींनी हात जोडले. बाहेर गेले, बूट चढवताना दाराला टेकले, आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले. सेल्वीने काळे कागद काढले. उजेड आत आला.

सार तिथेच उभे होते, एकेका हातात एकेक नळी. उजेडाकडे धरून ते एकीकडे पाहत, मग दुसरीकडे. झाकणांवर त्यांनी पेनाने खुणा केलेल्या होत्या. चौघांच्या हातांतून फिरताना त्या पुसल्या गेल्या होत्या. त्यांनी डावी उजव्या हातात घेतली, उजवी डाव्यात. वास घेतला. मग माझ्याकडे वळले.

"ह्यातली आपली कुठली, मा?"

मी पाहिलं. खरंच पाहिलं. "ठाऊक नाही, सार."

त्यांनी मान हलवली. ब्लीचच्या भांड्यापाशी गेले, एक नळी ओतली, पाण्याने विसळली, ओतली. मग दुसरी. दोन्हींना सारखाच वेळ दिला.